बाळाच्या वाटेने आईपर्यंत

गरीब घरातील, पदरी लहान मूल असलेल्या स्त्रीचे नैराश्य सहसा दोन कारणांनी नजरेआड राहते. तिचा थकवा, तिचे रडणे, तिचे ताटावरून उठून जाणे यांना घरच्यांजवळ आधीच तयार कारणे असतात: बाळंतपणाचा अशक्तपणा, रात्रीची जागरणे, पैशाची ओढाताण, दुसरीही मुलगीच झाल्याची खंत. शिवाय ज्या आरोग्यव्यवस्थेशी या काळात तिचा सर्वांत जास्त संबंध येतो, ती व्यवस्था तिच्याकडे प्रामुख्याने बाळाला जन्म देणारी, पाजणारी आणि लसीला घेऊन येणारी व्यक्ती म्हणून पाहते. बाळाचे वजन वाढू लागले आणि टाके सुकले की तिची नोंद पूर्ण होते. पहिल्या कारणाविषयी बरेच लिहिले गेले आहे. दुसऱ्या कारणाचा अनुभव मात्र गोव्यात आणि अन्यत्र अशा मातांच्या घरी जाऊन उपचार करणाऱ्या स्त्रियांना रोजच्या कामात येतो, कारण आईपर्यंत पोहोचण्याची त्यांची वाट बाळावरूनच जाते, आणि त्याच वाटेवर आई हरवून बसण्याचा धोकाही असतो.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने नैराश्य म्हणजे निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ टिकणारी उदासी किंवा कशातच मन न लागणे, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता व स्वतःविषयीची भावना यांत झालेला असा बिघाड, की ज्यामुळे रोजचे व्यवहार अडू लागतात. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ बाळंतिणींना येणारे रडू आणि हळवेपणा ही याहून वेगळी गोष्ट असून ती बहुधा दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. दुसऱ्या टोकाला प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार असतो. हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांना होणाऱ्या या आजारात झोप उडणे, भास होणे, भलत्या समजुती घट्ट धरून बसणे आणि असंबद्ध वागणे ही लक्षणे काही दिवसांतच झपाट्याने वाढतात, आणि अशा वेळी घरी बसून समुपदेशन करीत न राहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. घरोघर जाणाऱ्या कार्यकर्तीच्या शिक्षणात हा फरक सर्वांत आधी यायला हवा, कारण 'बाहेरचे झाले' म्हणून देवऋषीकडे किंवा घाड्याकडे फेऱ्या मारण्यात गेलेले दोन दिवस आई आणि बाळ या दोघांच्याही जिवावर बेतू शकतात.

गोव्यातील परिस्थितीचे पहिले नेमके चित्र विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळाले. म्हापशाच्या आसिलो या जिल्हा रुग्णालयात तपासणीसाठी येणाऱ्या, गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतील २७० स्त्रियांना त्यांनी या अभ्यासात घेतले, आणि प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी व पुन्हा सहा महिन्यांनी त्यांची पाहणी केली. पहिल्या टप्प्यावर २३ टक्के माता नैराश्याने ग्रासलेल्या आढळल्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहाव्या महिन्यातही आजारीच होत्या. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, या आजारी मातांपैकी ७८ टक्के स्त्रियांमध्ये मानसिक त्रासाची लक्षणे गर्भारपणातच दिसत होती. आर्थिक ओढग्रस्ती, नवऱ्याशी बिघडलेले संबंध व मारहाण ही जोखमीची कारणे त्यात स्पष्ट झाली आणि मुलगी झाल्याने ही जोखीम वाढत असल्याचेही दिसले. म्हणजे 'बाळंतपणानंतरचे' म्हणून ओळखले जाणारे हे दुखणे बहुतांशी बाळंतपणाच्या आधीपासून घरात असते, आणि ते ओळखण्याची संधी तपासणीच्या प्रत्येक फेरीत हाताशी असूनही वाया जाते.

त्याच माता-बालकांच्या पाहणीतून २००३ साली आणखी एक निष्कर्ष पुढे आला: ज्या मातांना सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य होते, त्यांच्या बाळांचे वजन सहाव्या महिन्यात कमी असण्याची शक्यता इतर बाळांपेक्षा बरीच जास्त होती. या निष्कर्षाने आईच्या मनाचा प्रश्न बालआरोग्याच्या कार्यक्रमात नेऊन बसवला आणि त्यासाठी पैसा व लक्ष मिळवून दिले, हे मान्य करावेच लागते. पण शास्त्रीय परिषदेत उपकारक ठरणारे हे विधान जेव्हा घरातल्या जमिनीवर बसून आईला सांगितले जाते, तेव्हा त्याचा परिणाम उलटा होऊ शकतो. नैराश्यात अपराधी भावना हे आजाराचेच एक लक्षण असते. दूध पुरत नाही, बाळ किरकिर करते, यालाही आपणच कारण आहोत, असे ती स्त्री आधीच मानत असते, आणि 'तुमच्या उदासीमुळे बाळाच्या वाढीवर परिणाम होतो' हे वाक्य तिच्या याच समजुतीवर शिक्कामोर्तब करते. त्यामुळे अनुभवी कार्यकर्ती ही माहिती जपून वापरते. सासूला, नवऱ्याला, सुनेला विश्रांती मिळू नये असे वाटणाऱ्या नणंदेला ती आवर्जून सांगण्यासारखी आहे; आईला ती सांगायची झाल्यास उपचाराने बरे वाटू लागल्यावरच.

आजार ओळखण्याची साधने साधी आहेत, पण ती वापरणे तितके साधे नाही. जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या एडिंबरा श्रेणीत दहा प्रश्न असून प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण मिळतात आणि मागील सात दिवसांचा विचार केला जातो. गोव्यातील अभ्यासात हीच श्रेणी कोंकणी रूपात वापरली गेली. या श्रेणीत शारीरिक तक्रारी मुद्दाम वगळल्या आहेत, कारण थकवा, भूक मंदावणे किंवा रात्री जाग येणे हे नव्या बाळंतिणीच्या बाबतीत आजाराशिवायही घडते. पुढे मोठ्या प्रमाणावर वापरात आलेल्या नऊ प्रश्नांच्या दुसऱ्या प्रश्नावलीत, जी मागील दोन आठवड्यांविषयी विचारते, झोप, भूक आणि थकवा यांचा समावेश आहे. तेथे विचारणारीचे कौशल्य पणाला लागते. झोप लागते का, या प्रश्नाला तान्ह्या बाळाची कोणतीही आई नाहीच म्हणेल. बाळ झोपलेले असताना, कोणी त्याला सांभाळत असतानाही डोळा लागत नाही का, असे विचारले तरच उत्तराला अर्थ येतो. थकव्याच्या बाबतीत रक्तक्षयाचा विचार करावाच लागतो, कारण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आहेत, आणि लोहाच्या गोळ्यांनी बरा होणारा थकवा मनाच्या खात्यावर टाकणे हाही अन्यायच होय. स्वतः स्त्रिया मनाविषयी क्वचितच बोलून सुरुवात करतात. डोके जड, अंग मोडून येणे, छातीत धडधड, पांढरे जाणे, जीव घाबरा होणे, फार टेन्शन, अशा तक्रारींतून बोलणे सुरू होते, आणि त्या तक्रारी खऱ्या मानून पूर्ण ऐकून घेतल्यावाचून पुढचे दार उघडत नाही.

उपचाराच्या बाजूने दक्षिण आशियातील मोठे पाऊल पाकिस्तानात उचलले गेले. रावळपिंडी जिल्ह्यातील गुजर खान आणि कल्लर सय्यदान या ग्रामीण तालुक्यांत अतीफ रहमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. पाकिस्तानात १९९४ पासून गावोगाव काम करणाऱ्या, आपल्याकडच्या आशांसारख्या 'लेडी हेल्थ वर्कर' स्त्रियांना दोन दिवसांचे प्रशिक्षण, काही महिन्यांनी एक दिवसाची उजळणी आणि दरमहा देखरेख एवढ्या शिदोरीवर विचार-वर्तन उपचारातील साधी तंत्रे शिकवण्यात आली. या उपचारपद्धतीचे सूत्र असे की, मनात आपोआप येणारे खच्चीकरण करणारे विचार ओळखावेत, ते तपासून त्यांच्या जागी उपयोगी विचार आणावेत आणि त्यानुसार वागून पाहावे. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचे होईपर्यंत सोळा भेटी ठरवल्या होत्या, आणि ९०३ माता या प्रयोगात होत्या. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा उपचार मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के आणि केवळ नेहमीच्या गृहभेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के अजून आजारी होत्या; वर्षभरानंतर हे प्रमाण २७ आणि ५९ टक्के होते. मानसोपचारतज्ज्ञ कधी न पाहिलेल्या खेड्यांत, बारावीपर्यंतही न शिकलेल्या अनेक स्त्रियांच्या हातून हे घडले, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची मार्गदर्शिका सर्वांसाठी प्रसिद्ध केली.

या कार्यक्रमाची रचना ज्यांनी केली त्यांना एक गोष्ट नीट उमगली होती: मनाचा आजार म्हणून कोणी दार उघडणार नाही, पण बाळ सुदृढ व्हावे म्हणून सर्व घर एकत्र येईल. म्हणून आजाराचे नाव न घेता, आईची तब्येत, आई-बाळाचे नाते आणि घरच्यांची साथ या तीन विषयांभोवती भेटी गुंफल्या गेल्या, चित्रांचा वापर केला गेला आणि सासूलाही सोबत घेतले गेले. वेडाचा शिक्का बसण्याचे भय त्यामुळे टळले. गोव्यात काम करणाऱ्यांनाही हेच दिसते. सुनेला काही झाले आहे का, या सासूच्या प्रश्नात काळजीइतकीच बदनामीची धास्ती असते, आणि बाळ-बाळंतिणीच्या तब्येतीसाठी आले आहे, हे उत्तर खरेही असते आणि पुरेसेही.

यानंतरचा टप्पा गोवा आणि रावळपिंडी येथे एकाच वेळी हाती घेण्यात आला. आरोग्यसेविकांवर आधीच कामाचा भार इतका असतो की आणखी एक जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यापेक्षा, त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या, कोणत्याही वैद्यकीय पार्श्वभूमीच्या नसलेल्या स्त्रियांना हे काम शिकवता येईल का, असा प्रश्न होता. गोव्यात 'संगाथ' या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने हे काम केले आणि या स्त्रियांना 'सखी' म्हटले गेले. उपचारही सोपा करण्यात आला: विचार तपासण्याचा भाग वगळून वर्तन सक्रिय करण्यावर भर दिला गेला, आणि गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत सहा ते चौदा भेटी ठेवल्या गेल्या.

वर्तन सक्रिय करणे या तंत्राचा पाया असा आहे. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. शेजारी जाऊन बसणे थांबते, केस विंचरणे राहून जाते, देवळात किंवा चर्चला जाणे बंद होते, आणि ज्या कृतींमधून थोडे बरे वाटण्याची शक्यता होती त्याच आयुष्यातून गळून पडल्याने मन आणखी खचते. बरे वाटेल तेव्हा करू, ही स्वाभाविक समजूत येथे उलटवावी लागते: आधी लहानशी, ठरवलेली, जमेल एवढीच कृती, आणि त्यानंतर मनाला कसे वाटले याची नोंद. पुढच्या भेटीत ती नोंद दोघींनी मिळून पाहायची. कृती जमली नसेल तर दोष न देता अडचण कोणती आली ते शोधायचे आणि कृती आणखी लहान करायची. तंत्र एवढेच आहे. पण ज्या स्त्रीचा दिवस पाणी येण्याच्या वेळेवर, नवऱ्याच्या पाळीवर आणि बाळाच्या भुकेवर बांधलेला आहे, तिच्यासाठी अर्ध्या तासाची कृती ठरवणे हे घरातल्या सर्वांच्या वेळापत्रकाची पुनर्मांडणी करण्यासारखे असते, आणि त्यासाठी कार्यकर्तीला तंत्राइतकेच त्या घराचे ज्ञान लागते.

येथेच बाळाच्या वाटेचा दुसरा धोका समोर येतो. ठरवलेल्या कृतींची वही चाळली तर त्यांतील बहुसंख्य कृती बाळाभोवतीच्या असतात, असे पुन्हा पुन्हा आढळते: तेल लावताना बाळाशी बोलणे, त्याला बाहेर फिरवून आणणे, वेळेवर लस टोचून घेणे. त्या चांगल्याच आहेत, आईला त्यांतून आनंदही मिळतो, आणि घरच्यांची संमतीही सहज मिळते. म्हणूनच त्या निवडल्या जातात. परंतु जिचे दुखणेच मुळी स्वतःसाठी काही न उरण्याचे आहे, तिला बरे करण्याच्या नावाखाली आणखी एक कर्तव्यांची यादी देणे म्हणजे आजाराची बाजू घेणे होय. या कामातून निघालेला व्यवहारी नियम असा की, प्रत्येक भेटीत ठरणाऱ्या कृतींपैकी निदान एक अशी असावी जिचा बाळाशी काहीही संबंध नाही. अनेक घरांत बाई सर्वांत शेवटी, उरलेले आणि गार झालेले जेवते. दुपारचे जेवण स्वतःला आधी वाढून घेणे, ही कृती कागदावर क्षुल्लक दिसते, पण तिला सासूची मान्यता मिळवायला दोन-दोन भेटी खर्ची पडतात. शिवणाचा क्लास पुन्हा सुरू करणे, बहिणीला फोन करणे, अर्धा तास एकटीने पडून राहणे, यांनाही तेवढाच झगडा लागतो. असा झगडा जिंकलेल्या मातांमध्ये सुधारणा टिकते, असे हे काम करणाऱ्यांचे ठाम मत आहे.

एका खोलीच्या घरात गुप्तता कशी राखायची, हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात पुरेसा हाताळलेला नाही. वास्को किंवा पर्वरीच्या परिसरातील भाड्याच्या खोल्यांत, जेथे कर्नाटकातून आणि सिंधुदुर्गातून आलेली कुटुंबे राहतात, तेथे भिंतीपलीकडे शेजारी आणि पडद्यापलीकडे दीर असतो. त्यामुळे बोलणे विहिरीवर, कपडे वाळत घालताना, आरोग्य केंद्राच्या रांगेत किंवा अंगणवाडीच्या वाटेवर होते, आणि कोणी आत आले की विषय चटकन बाळाच्या ताकदीच्या औषधाकडे वळवण्याचा संकेत दोघींनी आधी ठरवलेला असतो. मोबाइल बहुधा नवऱ्याचा असतो, त्यामुळे फोनवरून भेट घेता येईलच असे नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, हा रिवाज तिच्या दृष्टीने मोठा आधार असला तरी उपचाराच्या दृष्टीने ऐन गरजेच्या वेळचा खंड ठरतो. आणि ज्या मुलीला माहेर उरलेले नाही, किंवा जिने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले आहे, तिचा सव्वा महिना सर्वांत कठीण जातो. गरीब स्त्रियांसाठी उपचार 'उपलब्ध' असणे आणि तो त्यांना घेता येणे यांतले अंतर सर्वत्र सारखेच आहे. जीन मिरांडा व सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या २६७ तरुण स्त्रियांवर केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रवासाची आणि मुले सांभाळण्याची सोय उपचाराचाच भाग म्हणून करावी लागली होती, आणि तशी सोय केल्यावर औषधे व समुपदेशन हे दोन्ही उपचार गुणकारी ठरले.

नव्याने हे काम शिकणाऱ्या स्त्रीला सर्वांत अवघड जाते ते सल्ला न देणे. ती स्वतः आई असते, दोन बाळंतपणे निभावलेली असते, आणि समोरची रडू लागली की 'होईल सगळे ठीक, मुलांकडे बघ' हे वाक्य ओठांवर येतेच. त्या वाक्याने बोलणे संपते. एडिंबरात जेनी होल्डन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवून दिले की, तेथील आरोग्य परिचारिकांना केवळ नीट ऐकून घेण्याचे शिक्षण दिले आणि त्यांनी आठ आठवडे आठवड्यातून एकदा घरी जाऊन तसे ऐकले, तर उपचार मिळालेल्या मातांपैकी ६९ टक्के बऱ्या झाल्या, तर इतरांपैकी ३८ टक्के. अभ्यास लहान होता, पन्नास मातांचा. पण ऐकणे हे उपचाराच्या आधीचे सौजन्य नसून स्वतःच एक उपचार आहे, याची साक्ष त्याने दिली.

दारिद्र्य आणि मारहाण यांच्यापुढे या तंत्रांची मर्यादा उघडी पडते, आणि ती झाकू नये. घरभाडे थकले आहे, नवऱ्याला हंगामापुरतेच काम मिळते आणि उरलेले पैसे दारूत जातात, अशा घरात विचार बदला असे सांगणे क्रूर ठरते. अशा वेळी अडचण सोडवण्याच्या पद्धतीने, म्हणजे मोठ्या संकटाचे तुकडे करून त्यांतील आपल्या हातातला तुकडा निवडून, पुढे जावे लागते: मातृत्व अनुदानाचा अर्ज कुठे अडकला आहे ते पाहणे, शिधापत्रिकेत नाव घालणे, बचतगटात नाव नोंदवणे. ही कामे मानसोपचारात मोडत नाहीत असा आक्षेप घेतला जातो. परंतु चिंतेचे कारण खरे असताना त्यावर उपाय करण्यास मदत करणे यापेक्षा अधिक उपचारात्मक ते काय असू शकेल? मारहाणीच्या बाबतीत तर नियम आणखी कडक असायला हवा. 'थोडे सहन कर' हा सल्ला कोणत्याही परिस्थितीत देता कामा नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे, हे तिला सुरक्षित जागी सांगावे, आणि निर्णय व त्याची वेळ तिच्यावर सोडावी.

आत्महत्येचा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी स्पष्ट विचारले याचा दिलासाच वाटतो. जीव नकोसा झाला, असे सहज म्हणणारी प्रत्येक स्त्री धोक्यात असते असे नाही, म्हणून पुढचे प्रश्न शांतपणे विचारावे लागतात: तसे काही करण्याचे ठरवले होते का, कशाने, ते घरात आहे का, बाळाविषयीही असे विचार येतात का. योजना पक्की असेल तर तिला एकटे न सोडता, कीटकनाशक व रॉकेल घरातून हलवून, तिच्या विश्वासातल्या व्यक्तीला सोबत घेऊन डॉक्टरांकडे नेणे, हा क्रम तोंडपाठ असावा लागतो. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालणारी 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा रात्री-अपरात्री उपयोगी पडते.

औषधांविषयी या क्षेत्रात अकारण सोवळेपणा आहे. मध्यम व तीव्र नैराश्यात औषधे परिणामकारक असतात, सर्ट्रालिनसारखे औषध आईच्या दुधात अल्प प्रमाणातच उतरते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पाजत असतानाही ते घेता येते. अडचण ती चालू ठेवण्याची आहे. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही कित्येक महिने गोळ्या घ्याव्या लागतात, हे कोणी सांगितलेले नसते. दूध 'गरम पडते' या समजुतीने सासू त्या बंद करते. चिलीमधील सँटिआगो शहरात गरीब वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ग्रासिएला रोहास व सहकाऱ्यांनी २३० मातांवर केलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिसऱ्या महिन्यात दिसलेला मोठा फायदा सहाव्या महिन्यापर्यंत घटला, आणि मधल्या काळात औषधे सोडलेल्यांची संख्या वाढली होती.

आता निष्कर्षांकडे. गोव्यातील सखींच्या प्रयोगात २८० स्त्रिया होत्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सहा महिन्यांनी सखीची साथ मिळालेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के आणि इतरांपैकी सुमारे ६० टक्के आजारमुक्त होत्या. रावळपिंडीत याच पद्धतीने सहा महिन्यांनी तसा ठोस फरक दिसला नाही. दोन्ही ठिकाणी उपचाराशिवायही अनेक स्त्रिया बऱ्या झाल्या, आणि कोणत्या स्त्रीला सखीची खरी गरज आहे हे आधी ओळखता येणे, हा पुढचा प्रश्न राहिला. परंतु अधिक विचार करायला लावणारे निष्कर्ष मुलांविषयीचे आहेत. २००८ च्या पाकिस्तानातील प्रयोगात मातांमध्ये एवढी मोठी सुधारणा होऊनही बाळांच्या वजन-उंचीत उल्लेखनीय फरक पडला नाही. जुलाबाचे प्रसंग कमी झाले, लसी अधिक पूर्ण झाल्या, आई-वडील मुलांशी अधिक खेळू लागले, एवढे घडले. मुले सात वर्षांची झाल्यावर केलेली आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेली पाहणी तर असे सांगते की, बुद्धी व वर्तन यांच्या मोजमापांत उपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या मातांच्या मुलांत फरक उरला नव्हता.

ज्यांनी आईवरील उपचाराचे समर्थन केवळ मुलाच्या हितावर उभे केले, त्यांच्यासाठी हे आकडे निराशाजनक ठरतात. निधी देणाऱ्यांना 'मग उपयोग काय' असे विचारण्याची मुभाही मिळते. मातांच्या घरी जाऊन काम केलेल्या कोणालाही तो प्रश्नच चुकीच्या ठिकाणी उभा वाटेल. पंचविशीतली एक स्त्री, जी महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडत होती, ती पुन्हा उठते, जेवते, हसते, भांडते, स्वतःचे मत सांगते, हा निष्पत्तीच्या तक्त्यातील दुय्यम रकाना असू शकत नाही. हाडाच्या मोडण्यावर उपचार करताना त्याने मुलाचे वजन वाढेल का, असे कोणी विचारत नाही. बाळ हे दार उघडण्याचे साधन म्हणून वापरणे परिस्थितीने भाग पाडलेले आहे. त्याच मापाने उपचाराचे मोल ठरवणे मात्र कोणी भाग पाडलेले नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर दार शोधण्याचीही गरज नाही, कारण ते आधीच उघडे आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांच्या हातून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली आणि जिचे परिणाम १९९९ साली जगापुढे मांडले, ती २०११ पासून राष्ट्रीय कार्यक्रम झाली. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी आणखी पाच भेटी जोडल्या गेल्या. पंधरा महिन्यांत अकरा वेळा एक प्रशिक्षित स्त्री त्या उंबरठ्याच्या आत जाते, बाळाचे तापमान, वजन आणि श्वास मोजते. मागच्या दोन आठवड्यांत मन उदास होते का आणि कशात रस वाटेनासा झाला होता का, हे दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पण प्रश्न विचारण्याची सक्ती करून उत्तराची सोय न करणे, यापेक्षा न विचारलेले बरे. उत्तर 'हो' आले तर तिला कोणाकडे पाठवायचे, ते ठिकाण किती लांब, तेथे आठवड्यातून कोणत्या दिवशी समुपदेशक बसतो, हे आधी ठरले पाहिजे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, जी २०१५–१६ साली बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने केली, नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारापासून दूर असल्याचे दिसले होते. ही दरी केवळ चाचण्या वाढवून भरत नाही. आणि दुसऱ्यांचे दुःख आठवड्यामागून आठवडे ऐकणाऱ्या स्त्रीलाही आधार हवा. गोव्यात यासाठी रुजलेली पद्धत अनुकरणीय आहे: कार्यकर्त्या एकत्र बसून, आईच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेल्या भेटी ऐकतात, ठरलेल्या निकषांवर एकमेकींना गुण देतात आणि अवघड प्रसंग करून पाहतात. तज्ज्ञ दर आठवड्याला हजर नसला तरी कामाचा दर्जा टिकतो. मानधनाचा प्रश्न मात्र असा आपापसांत सुटत नाही. बेचाळीस दिवसांच्या भेटींच्या संपूर्ण मालिकेसाठी आशाताईला २५० रुपये देऊ करणाऱ्या व्यवस्थेने तिच्याकडून आणखी एका आजाराच्या उपचाराची अपेक्षा धरायची असेल, तर त्या कामाचे वेगळे आणि वेळेवर पैसे द्यायला हवेत. गरीब स्त्रीचे नैराश्य दुसऱ्या गरीब स्त्रीच्या विनामोबदला श्रमाने बरे करणे न्याय्य नाही.

उपचार संपवणे हाही उपचाराचाच एक भाग असतो. शेवटच्या दोन-तीन भेटींचे अंतर वाढवत नेले जाते, आणि आजार परतू लागला तर सर्वांत आधी काय बदलते, हे त्या स्त्रीकडूनच काढून घेतले जाते: एखादी सांगते की आंघोळ टाळली जाते, एखादी म्हणते की बाळाच्या रडण्याचा राग येऊ लागतो. ती चिन्हे, त्या वेळी करायच्या दोन-तीन कृती आणि जिला हाक मारायची ती व्यक्ती, एवढे ठरवून ठेवले जाते. एकदा हा आजार होऊन गेलेल्या स्त्रीला पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून दुसऱ्या गर्भारपणाची नोंदणी करताना मागचे सिझेरियन किंवा मागचा रक्तदाब जसा विचारून लिहिला जातो, तसे तिच्या संमतीने हेही माता व बालसंरक्षण कार्डावर लिहिले जावे, आणि पहिली भेट बाळ येण्याची वाट न पाहता पाचव्या-सहाव्या महिन्यातच व्हावी.